वरच्या मॅडम आणि मी घासलेली काच

आमच्या वरच्या मॅडमसारखं बघणारं माणूस मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. हे मी सांगतोय म्हणून त्याला वजन आहे, कारण छत्तीस वर्षं मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत बघायच्याच काचा घासल्या. चष्म्याच्या, दुर्बिणीच्या, शाळेतल्या मायक्रोस्कोपच्या. शिक्षण सातवी, पण काच कुठे कमी घासली गेलीय ते माझ्या बोटाला कळायचं. काचेतून माणसं कशी बघतात तेही मी भरपूर पाहिलंय. एक डोळा मिटतात, एकदा बघतात, 'दिसलं' म्हणतात आणि मोकळी होतात. मॅडमचं तसं नाही. कुठलीही वस्तू बघायची म्हणजे आधी समोरून, मग मान थोडी डावीकडे नेऊन, मग उजवीकडे, मग टाचा उंचावून, मग गुडघ्यात वाकून. वस्तू कसली आहे याच्याशी काही संबंध नाही. रिक्षाचा मीटर असो की वाण्याकडचा गूळ. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या लिफ्टवरची 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी अशा डुलत डुलत बघत होत्या. मला वाटलं चक्कर येतेय, म्हणून धरायला गेलो, तर म्हणाल्या, "काका, ही पाटी तिरकी लावलीय का भिंतच तिरकी आहे?" तळमजल्यावरच्या आजींनी तर त्यांना मानेला चोळायला तेलाची बाटली आणून दिली. मॅडमनी ती बाटली पाच बाजूंनी बघितली, आजींचे मनापासून आभार मानले आणि फळीवर ठेवून दिली. नाव सांगत नाही त्यांचं. हे वाचलं तर त्या आधी डावीकडून वाचतील, मग उजवीकडून, आणि मग मला फोन येईल.

वरच्या म्हणायचं कारण, आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि त्या बरोबर आमच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर भाड्याने. वय पंचेचाळिसाच्या आसपास, एकट्या, अंगाने काटकुळ्या. गळ्यात दोरीला दोन चष्मे, कुर्त्याच्या खिशात नेहमी पाच-सात स्क्रू. कल्याणच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. पण शिकवणं हा त्यांचा उद्योग होता, जीव होता तो एका यंत्रात. ते यंत्र त्यांनी पहिल्यांदा समजावून सांगितलं ते मला नाही, आमच्या हिला, आमच्या स्वयंपाकघरात, पोहे होत असताना.

"काकू, साध्या मायक्रोस्कोपमध्ये एका वेळी एकच थर स्पष्ट दिसतो. वरचा बघा, खालचा धुरकट. खालचा बघायला जा, वरचा धुरकट. मेलेली वस्तू असेल तर सावकाश एकेक थर बघता येतो. पण मी बघते तो मासा जिवंत आहे. त्याचं काळीज धडधडतंय. मी दुसऱ्या थरापर्यंत पोचेस्तोवर पहिला हललेला असतो."

"मग त्याला सांग गप्प बस म्हणून," ही म्हणाली. ही त्यांना अगंतुगं करायची.

"म्हणून कॅमेऱ्यापुढे एक नखाएवढी काच बसवायची. तिच्यावर हजारो बारीक भिंगं, एकेक केसाच्या जाडीचं. किरण कुठल्या बाजूने आला ते ही भिंगं वेगवेगळं टिपतात. फोटो एकच काढायचा. मग कॉम्प्युटरवर घेऊन जो थर हवा तो स्पष्ट करायचा."

मी मध्ये तोंड घातलं, "म्हणजे फोटो आधी आणि फोकस नंतर?"

"हो काका! आधी सगळं घ्यायचं. बघायचं काय ते नंतर ठरवायचं."

"फुकटात?"

"फुकटात नाही. बारकावा जातो. चित्र जरा भरड येतं."

"येऊ दे की," ही पोह्यांवर झाकण ठेवत म्हणाली. "सगळं मिळतंय तर थोडं भरड आलं म्हणून काय बिघडलं?"

मॅडमनी हिला मिठीच मारली. हे एवढं वाक्य प्राचार्यांच्या डोक्यात शिरवायला म्हणे त्यांना दोन वर्षं लागलेली. माझं म्हणाल तर भिंगांपर्यंत मी ऐकलं. त्यापुढे माझं लक्ष पोह्यांवर होतं. त्याची किंमत पुढे कशी भरावी लागली ते सांगतोच.

तर आधी सगळं घ्यायचं आणि नंतर ठरवायचं, हा नुसता यंत्राचा नियम नव्हता, मॅडम जगायच्याच तशा. स्टेशनबाहेरच्या भाजीबाजारात ही त्यांना एकदा घेऊन गेली आणि कानाला खडा लावून परत आली. मॅडमनी मेथी घेतली, सुरण घेतला, भोपळ्याची फोड, अळूची जुडी, तीन तऱ्हेच्या मिरच्या, तोंडली, आणि नाव विचारून घेतलेली एक पालेभाजी. हिने विचारलं, "अगं, आज करणार काय?" "ते घरी गेल्यावर ठरवते काकू." चार दिवस ठरलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी सगळं एका पातेल्यात घातलं आणि वाडगाभर आमच्याकडे घेऊन आल्या. मी वास घेऊनच हात जोडले. हिने खाल्लं. "याला म्हणतात काय?" "अजून ठरवलं नाही." हिने वाडगा पुसून खाल्ला, वर मला म्हणाली, "भरड आहे, पण सगळं आहे." सोसायटीच्या मीटिंगलाही तसंच. वॉचमनची केबिन गेटच्या डाव्या अंगाला की उजव्या, यावर दोन तास भांडण झालं. मॅडमनी सगळ्यांचं लिहून घेतलं आणि मत विचारल्यावर म्हणाल्या, "माझ्याकडे आता सगळ्या बाजू आल्यात, मत कळवते." कळवलं. आठ महिन्यांनी, दोन पानी, आकृतीसकट. तोवर केबिन बांधून होऊन तिच्यात वॉचमनचं कॅलेंडर लागलेलं. पण पत्र वाचल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की केबिन चुकीच्या बाजूला बांधलीय.

माशांचं प्रकरण मोठं झालं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मी घरं अशी की अंडं आणायचं तर पिशवीत पिशवी घालून आणतात. तिथे कुणीतरी बोललं की तिसऱ्या मजल्यावर मासे आहेत. झालं, सेक्रेटरी दोन मेंबरांना घेऊन तपासणीला. बँकेतून रिटायर झालेला माणूस, बोट ओलं करून कागद उलटणारा. मॅडमनी दार उघडलं, आत फळीवर ओळीने काचेच्या बरण्या, त्यांत बोटाच्या पेराएवढे निळ्या पट्ट्यांचे मासे. सेक्रेटरींनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "हे खायला ठेवलेत?" मागून ही म्हणाली, "अहो, याची आमटी करायची तर आख्खी फळी लागेल, आणि तरी ताटात बोट घालून शोधावं लागेल." मॅडमनी मग त्यांना माशाची अंडी दाखवली. काचेच्या मण्यासारखी, आरपार दिसणारी. दुसऱ्याच दिवशी त्यात काळीज उडायला लागतं, म्हणाल्या. सेक्रेटरी मायक्रोस्कोपवर वाकले ते वीस मिनिटं उठलेच नाहीत, मागचे दोघे मेंबर पाळीसाठी भांडायला लागले. तक्रारीचा कागद त्यांनी तिथेच फाडला. त्यानंतर लिफ्टमध्ये मॅडम भेटल्या की रोज विचारायचे, "पोरं बरी आहेत ना?"

ही गेली त्याला आता सव्वा वर्ष होईल. सकाळी दूध तापवता तापवता खाली बसली आणि गेली. याहून जास्त मी लिहिणार नाही. लोक आले, बोलायचं ते बोलले, सगळे तेच बोलले. मॅडम तेराव्याला आल्या. हिच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, टाचा उंचावल्या. घरात माणसं बसलेली, माझी मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मग मॅडम म्हणाल्या, "काकू फोटोत एकाच बाजूने दिसतात." मला संताप आला. म्हटलं, "मॅडम, फोटोच आहे तो. दुसऱ्या बाजूने दाखवायला ती आता काय हलणार आहे?" "तेच म्हणतेय मी काका," असं म्हणून त्या भिंतीला टेकून बसल्या. दोन तास बसल्या, एक शब्द नाही. जाताना ओट्यावरची सगळी भांडी घासून गेल्या. वाईट घासली होती, मी परत घासली. पण त्या तेरा दिवसांत आलेल्या सगळ्या माणसांत मला आठवतं ते तेवढंच.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला त्या चहाला यायला लागल्या. चहा मी करायचो. पहिले दोन महिने तो चहा नव्हताच, पण त्या प्यायच्या. एकदा येताना पितळेची रिंग घेऊन आल्या. "काका, तुम्ही काचेवाले ना? यंत्रातली काच बसवायला कॉलेजच्या वर्कशॉपने ही केलीय, पण यात काच हलते." मी रिंग बोटावर फिरवली. म्हटलं, "ही ज्याने केलीय त्याला सांगा, नळाचे वॉशर कर, बरकत येईल." वस्तू घट्ट पकडायचा माझा जुना पोलादी शेगडा अजून गॅलरीत आहे, कानशी आहेत, घोटायची पावडर आहे. तीन दिवस बसलो आणि नवी रिंग केली. काच आत ठेवली की आपल्या वजनाने सरकत खाली जाऊन बसेल आणि हलवली तरी हूं की चूं करणार नाही अशी. ही गेल्यावर तीन दिवस सलग मी काही केलं असेल तर ती रिंग. मॅडमनी ती पाच बाजूंनी बघितली आणि काहीच बोलल्या नाहीत. नंतर मला कळलं, त्यांना दोष सापडला नाही तर त्या बोलत नाहीत.

मग एका रविवारी चहा पिता पिता त्यांनी सांगितलं की लांबच्या एका मोठ्या संस्थेतले तिघं जण गुरुवारी यंत्र बघायला येणार आहेत. यंत्र चाललं तर मॅडमना यंत्रासकट तिकडे घेऊन जाणार. मोठी लॅब, हाताखाली माणसं, हवे तेवढे मासे. नाही चाललं तर खेळ खलास, कारण प्राचार्यांनी सांगून टाकलेलं, कॉलेजातली यंत्राची खोली उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला हवीय. "म्हणजे चाललं तर मी जाणार काका," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "उत्तम. जायलाच पाहिजे." त्या वर गेल्या आणि मी कप विसळताना मनात म्हटलं, नाही चाललं तर बरं. हे मी लिहितोय, कारण खोटंच लिहायचं तर कागद कशाला खराब करायचा?

सोमवारी सकाळी कॉलेजला जाता जाता त्या माझ्या हातात एक डबी देऊन गेल्या. "काका, काच आली. रिंगमध्ये बसवून ठेवा. जपून." पाच महिने वाट बघितलेली काच. पहिली पार्सलमध्ये तडकून आली म्हणून ही दुसरी मागवलेली. दुपारी जेवण करून मी गॅलरीत बसलो, डबी उघडली. आत नखाएवढी काच, आणि काय सांगू, धुरकट! एका बाजूने श्वास सोडल्यासारखी. माझ्या डोक्यात भिंगांची जाळी म्हणजे चाळणीसारखं काहीतरी होतं, चौकटीत बसवलेलं, भिंगं डोळ्यांना दिसतील असं. ही आपली तिच्यावरची झाकणाची काच असणार, आणि पाठवणाऱ्याने घाईत पॉलिश अर्धवट सोडलंय. आता ज्या माणसाच्या टेबलावर छत्तीस वर्षं धुरकट काच आली की चकचकीत होऊन पुढे गेली, त्याचा हात काय विचारायला थांबणार? आयग्लास डोळ्याला लावून एकदा बघितलं असतं तरी पुरे होतं. पण मला भिंगाची गरज लागत नाही, हा माझा जुना माज. पावडर कालवली आणि घोटायला बसलो. भराभर घोटली गेली. मनात आलंही, काच एवढी मऊ कशी? परदेशी माल, म्हटलं, असेल. तासाभरात अशी केली की बोटात धरली तर नुसती बोटंच दिसावीत. रिंगमध्ये बसवली, डबीत ठेवली, आणि बऱ्याच महिन्यांनी दुपारी मला शांत झोप लागली.

सहाला मॅडम आल्या. मी चहा ठेवला होता. त्यांनी डबी उघडली, मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. परत डावीकडे. टाचा उंचावल्या नाहीत, एकदम खालीच बसल्या.

"काका, हे काय केलंत?"

"पॉलिश केलं. पाठवणाऱ्याने अर्धवट ठेवलेलं. काळजी नको, फुकट."

"यावर भिंगं होती."

"होती म्हणजे?"

"वरचा थर भिंगांचाच होता. काचेवर राळेसारखं मटेरियल असतं, त्याची. हजारो. तुम्ही घासलीत."

चहा उतू गेला तरी दोघंही उठलो नाही. मी म्हटलं, "मॅडम, मला दोन थोबाडीत द्या." त्या म्हणाल्या, "पॉलिश फार छान झालंय काका." खरंच म्हणाल्या. मग डबी तिथेच ठेवून वर गेल्या. जिना चढताना मध्येच थांबल्या, बराच वेळ, मग पुढे गेल्या.

मंगळवारी सकाळी टिटवाळ्याहून मुलीचा फोन आला, ती रोज करते. मी झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, रागावू नका. मुद्दाम नाही ना केलंत?"

"अक्कल आहे का तुला?"

"नाही, त्या गेल्या तर तुम्ही संध्याकाळी एकटेच, म्हणून विचारलं."

मी फोन ठेवला. आपटलाच. गॅलरीत बसलो आणि माझ्या हातांकडे बघत राहिलो. मुद्दाम केलं नव्हतं, देवाशपथ. पण रविवारी कप विसळताना जे मनात आलेलं ते हातांनी ऐकलं नसेल कशावरून? अर्धा तास स्वतःला उलटसुलट विचारलं, आणि एवढंच उत्तर मिळालं की हे बसून कळणार नाही. उठलो, वर गेलो. त्या दिवशी मॅडम कॉलेजला गेल्या नव्हत्या. अंगावर कालचाच कुर्ता.

म्हटलं, "पहिली काच कुठाय? तडकलेली?"

"ती काय कामाची? कोपऱ्यातून भेग मध्यापर्यंत गेलीय. हात लावला तर दोन तुकडे."

"तुकडे करणं माझंच काम आहे. फेकली तर नाही ना?"

मॅडम आणि काही फेकतील! मागच्या तीन दिवाळ्यांचे रिकामे खोके काढले, चौथ्यात सापडली. मग मी आयुष्यात पहिल्यांदा तसली काच आयग्लास लावून बघितली, उजेडाकडे धरून. मधाच्या पोळ्यासारखी ओळीने लागलेली भिंगं, एकही वाकडं नाही. आणि प्रत्येकात त्यांच्या घरातली खिडकी. हजारो खिडक्या, प्रत्येक खिडकी शेजारच्या खिडकीहून केसभर वेगळी. छत्तीस वर्षं मी काचा घासल्या, पण असली काच माझ्या हाताखाली कधी आली नव्हती. आणि आदल्याच दिवशी आली तेव्हा मी ती पुसून टाकली होती.

"भेगेच्या अलीकडे निम्मी चांगली आहे," मी म्हटलं. "तेवढी कापून काढतो. नवी रिंग करतो, लहान तोंडाची."

"चित्र लहान येईल."

"तुम्हाला आख्खा मासा दाखवायचाय की काळीज?"

त्या पहिल्यांदा हसल्या. "काळीज."

"मग कशाला पाहिजे मोठं?"

आधी त्यांच्याकडच्या साध्या काचपट्ट्या घेऊन पाच वेळा कापून बघितल्या. हात बसला. मग ती. हिऱ्याच्या टोकाने एकच रेघ मारायची, दुसऱ्यांदा मारायची सोय नसते. भेग आणि माझी रेघ यांच्यात तांदळाएवढं अंतर. मॅडम माझ्या डाव्या खांद्यावरून बघत होत्या, मग उजव्या. मी म्हटलं, "मॅडम, या वेळी एकाच बाजूने बघा, मला झुलल्यासारखं होतंय." त्यांनी श्वास धरला. रेघ मारली. दोन्ही अंगठे लावले आणि दाब दिला. कट् असा बारीक आवाज झाला. भेगेवाला तुकडा एका हातात, चांगला एका हातात. मॅडमनी श्वास सोडला, मी नाही सोडला, कारण आयग्लास लावून बघितल्याशिवाय आता मी काही मानणार नव्हतो. बघितलं. कडेची एक ओळ सोडली तर सगळ्या खिडक्या जागेवर. त्या रात्री आणि बुधवारी दिवसभर बसून रिंग केली, संध्याकाळी कॉलेजात जाऊन यंत्रात बसवली.

गुरुवारी रिक्षाने गेलो. पिलांची बरणी मॅडमच्या मांडीवर. पत्री पुलाशी खड्डा आला की त्या बरणीसकट उठून उभ्या राहायच्या. रिक्षावाला म्हणाला, "काका, मॅडमना बरं नाही का?" म्हटलं, "त्यांना झकास आहे, तू रस्त्याकडे बघ." तिघं पाहुणे आलेले, त्यातल्या एक उंच बाई मुख्य. मॅडमनी तीन दिवसांचं पिलू जेलीच्या थेंबात निजवलं, दिवा लावला आणि चार-पाच सेकंदच टिपलं. मग दिवा बंद, पिलू परत पाण्यात. उंच बाई म्हणाल्या, "झालं?" मॅडम म्हणाल्या, "घेऊन झालं. आता बघू." आणि कॉम्प्युटरवर ते काळीज आलं. दोन कप्पे, एक भरतो तेव्हा दुसरा रिकामा होतो. मॅडमनी माउस सरकवला तशी आधी वरची भिंत स्पष्ट झाली, मग ती विरली आणि आतून रक्ताचे दाणे वाहताना दिसले, मग पलीकडची भिंत. पिलू बरणीत पोहत होतं आणि इथे आम्ही मघाच्या त्याच ठोक्यांत हवं तितकं आत जात होतो. जरा भरड होतं. पण सगळं होतं. मला हिची आठवण झाली, ती सांगायची गरज नाही.

उंच बाईंनी विचारलं, "चित्र इतकं लहान का?" मॅडमनी माझ्याकडे बघितलं. म्हटलं, लपवायचं कशाला? "मोठी काच मी घासून टाकली, मॅडम. मग तडकलेल्यातली ही कापून बसवली." तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मग एकाने ती रिंग काढून हातात घेतली, फिरवली, हलवली. "हे तुम्ही हाताने केलंत? कुठल्या इन्स्टिट्यूटमध्ये होतात?" म्हटलं, "सातवी पास, डोंबिवली एमआयडीसी." तो हसला नाही. रिंग दुसऱ्याच्या हातात दिली. मग ते तिघं इंग्रजीत बराच वेळ बोलले. मला शब्द कळले नाहीत, पण मॅडमचे कान लाल झालेले बघितले आणि समजलो, जमलं, आता या जाणार.

जायच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. काय न्यायचं आणि काय नाही हे त्यांनी ठरवलं नव्हतं, म्हणून सगळंच न्यायचं होतं. सेक्रेटरी स्वतः बरण्यांखाली वर्तमानपत्रं घालत होते. सामान चढलं तरी त्या खाली माझ्या दारात उभ्या. मला ते ओझं घेऊन राहायचं नव्हतं. म्हटलं, "मॅडम, एक सांगतो. त्या रविवारी तुम्ही वर गेल्यावर मी मनात म्हटलेलं, यंत्र नाही चाललं तर बरं. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून ती काच गेली. मुद्दाम नाही केलं. पण म्हटलेलं खरं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मान डावीकडे नेली नाही, उजवीकडे नेली नाही. सरळ बघितलं.

"मी जिन्यात थांबले होते ना काका, ती काच बघून वर जाताना? एक क्षणभर मला हायसं वाटलं होतं. की आता जायला नको. उद्या परत सहाला खाली यायचं."

मी तोंड उघडलं. मनात एवढंच होतं, मग थांबा. पण यंत्र आधीच तिकडे गेलेलं, मासे टेम्पोत, आणि पंचेचाळीस वर्षांच्या बाईने एका म्हाताऱ्याच्या चहासाठी थांबायचं, हे काही बरोबर नाही. मी म्हटलं, "पोचल्यावर फोन करा."

"करते," त्या म्हणाल्या. वाकून नमस्कार केला, खिशातले स्क्रू माझ्या दारात सांडले, ते गोळा करत बसल्या आणि टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. टेम्पो मानपाडा रोडला वळेपर्यंत मी गेटपाशी उभा होतो.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "काका, पोचले. सगळं नीट आहे." मी म्हटलं, "बरं झालं." आणि खरंच बरं झालं. फक्त ते मला बरं वाटायला अजून थोडे दिवस लागतील.